काका, सीट कुठे पडली?

पुण्याच्या वेताळ टेकडीवर फिरायला येणाऱ्यांपैकी एक-दोघं तरी दर रविवारी मला हे विचारतात. पूर्वी मी थांबून समजावायचो, की ट्रायलच्या, म्हणजे दगड-पायऱ्यांवरून उड्या मारत न्यायच्या सायकलवर बसायचं नसतंच, म्हणून तिला सीट नसते. आता ‘घरी राहिली’ म्हणतो आणि पुढच्या दगडाकडे वळतो.

मी चिंचवडचा, टूलरूममध्ये डाय-फिटर. २००९ साली डिझाइनमधल्या एका मित्राच्या कॉम्प्युटरवर डॅनी मॅकॅस्किलचा व्हिडिओ पाहिला. एडिनबराच्या एका सायकल दुकानात काम करणारा हा पोरगा टोकदार गजांच्या कुंपणावरून सायकल चालवत गेला. जेवणाची सुट्टी संपली तरी आम्ही चौघं तिथेच. पुढच्या रविवारी मी माझी जुनी गिअरची सायकल पार्किंगमधल्या फुटपाथच्या कडेवर चढवायला गेलो आणि सरळ हँडलवरून पुढे पडलो. तिथून सुरुवात. त्यानंतर जे पैसे वाया घालवले आणि जे सत्कारणी लागले, ते नव्या मुलांना सांगतो, म्हणून हे लिहितोय.

ट्रायल म्हणजे दगड, ओंडके, पायऱ्या, पिंपं यांवरून पाय न टेकता जाणं. मूळ मोटरसायकल ट्रायलचं. सायकलवर हा खेळ रुजला तो स्पेनच्या कॅटलोनियात, मोटरसायकल ट्रायलवाल्यांच्याच घरांतून. वेगाशी त्याचा संबंध नाही. आमच्या गल्लीच्या गणपतीत हळू सायकलची स्पर्धा असायची, सगळ्यात शेवटी पोचेल तो पहिला. ज्यांनी ती खेळली असेल त्यांनी ट्रायलचा पहिला धडा गिरवलाय, फक्त त्यांना ते माहीत नाही.

म्हणून पहिलं सांगणं: लगेच ट्रायल बाइक मागवू नका. घरात किंवा भंगारात २६ इंची, छोट्या फ्रेमची जुनी एमटीबी (माउंटन बाइक) असेल तर ती घ्या. पुढे सस्पेन्शन असेल तर साधा ताठ फोर्क (पुढचं चाक धरणारा चिमटा) बसवून घ्या, नाहीतर उडीचा निम्मा जोर स्प्रिंगच खाते. सीट पार खाली करा. काढायचीच असेल तर सीटपोस्टसकट, म्हणजे सीटच्या दांड्यासकट काढा आणि वर राहिलेल्या उघड्या नळीत रबरी बूच ठोका. नुसती सीट काढून पोस्ट तसाच ठेवलेली पोरं मी पाहिलीत. त्यावर पडलात तर काय होईल हे मी लिहीत नाही.

गिअर एकच ठेवा. जुन्या तीन चकत्यांच्या क्रँकची (पेडल ज्या दांड्याला असतं तो) सगळ्यात लहान चकती बहुधा २२ किंवा २४ दात्यांची असते. मागे १८ दाते धरा. २२ला १८ हे २६ इंची ट्रायल बाइकचं नेहमीचं गणित आहे, म्हणजे ते तुम्हाला फुकटात मिळतंय. स्वस्त सायकलींना लहान चकती २८ची येते. मग मागे २२ शोधा. पेडल पाव फेरा दाबल्यावर सायकल झटक्याने पुढे गेली पाहिजे, पण दाबताना मांडी थरथरता कामा नये.

आता ब्रेक. नवा माणूस फ्रेमच्या वजनाबद्दल विचारतो, हँडलच्या रंगाबद्दल विचारतो; ब्रेकबद्दल कुणी विचारत नाही. ट्रायल हा ब्रेकचा खेळ आहे. मागच्या एका चाकावर उभे असता तेव्हा तुम्हाला जगाशी बांधून ठेवणारी वस्तू म्हणजे तो एक ब्रेक. तपासायची रीत सोपी आहे. मागचा ब्रेक एका बोटाने धरा, दोन्ही पेडल आडवी ठेवा आणि पुढच्या पेडलवर सगळं वजन टाका. क्रँक जागची हलली तर ब्रेक कच्चा. मग पार्किंगच्या उतारावर सायकलचं तोंड चढाकडे करून तेच करा, कारण पुढे जाताना चावणारा ब्रेक मागे घसरताना पुष्कळदा सोडून देतो.

जुन्या सायकलला व्ही-ब्रेक (केबलने ओढून रिमवर रबर दाबणारा) असेल तर नवी केबल, चांगले ब्रेक-रबर आणि साबणाने धुतलेली रिम, एवढ्यावर पहिलं वर्ष निघतं. पुढे हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणारा रिम ब्रेक घ्या. ट्रायलवाल्यांत मागुरा कंपनीचा एचएस-३३ वर्षानुवर्षं चालत आलाय. हल्ली पुढे डिस्क आणि मागे रिम ब्रेक अशी जोडीही बरेच जण ठेवतात. मागुराला मिनरल ऑइल लागतं. नाना पेठेत जाऊन नुसतं ‘ब्रेक ऑइल द्या’ म्हणालात तर गाडीचं डॉट ऑइल हातात पडेल; त्याने आतले रबरी सील फुगतात आणि ब्रेक जाम होतो.

लिव्हर हँडलवर आत सरकवा, इतकी की तर्जनी बरोबर लिव्हरच्या टोकावर पडेल. ब्रेकवर ते एकच बोट, बाकी तीन हँडलला. आणि एक गोष्ट पहिल्याच दिवशी ठरवा. आपल्याकडे पुढचा ब्रेक उजव्या हाताला असतो, युरोपातून येणाऱ्या बाइकला डाव्या. कुठलाही ठेवा, पण एकदा ठेवलात की बदलू नका. मित्राच्या उलट्या ब्रेकच्या बाइकवर मी दोन पायऱ्या चढलो आणि तिसऱ्या पायरीवर मनगट मुरगळून घेतलं.

रिमला ग्राइंड मारणं हा माझा आवडता विषय, थोडा वेळ द्या. अॅल्युमिनिअमची गुळगुळीत रिम आणि रबर यांची पकड मर्यादितच असते. म्हणून रिमच्या ब्रेक लागणाऱ्या बाजूंवर हँड ग्राइंडरने बारीक तिरक्या रेघा काढायच्या, कानशीच्या दातांसारख्या. चार इंची ग्राइंडर, डिस्क लोखंड कापायची नको, घासायची. टायर काढा किंवा जाड टेप गुंडाळून झाका. डोळ्यांवर गॉगल हवाच. एकाने चाक सावकाश फिरवायचं, दुसऱ्याने डिस्कची कड नुसती टेकवायची. दाबायची नाही, वजन ग्राइंडरचं आहे तेवढंच. हाताने रिम धरून नख फिरवलं की नखाला कुरकुर लागली पाहिजे, बस. खोल खाचा पाडल्या तर रिम पातळ होते आणि रबर चार रविवारांत संपतं. पहिला ग्राइंड कुणाच्या तरी टाकून दिलेल्या रिमवर मारा. मी टूलरूमवाला असून पहिली रिम वाया घालवली होती.

ग्राइंड नको असेल तर दुसरा उपाय डांबर. बोटाच्या नखाएवढा खडा कोरड्या रिमवर घासायचा. कोरड्यात ब्रेक भिंतीसारखा लागतो आणि आवाज असा येतो की सोसायटीची सगळी कुत्री गोळा होतात. पावसाचे चार थेंब पडले की खेळ खलास.

ब्रेकनंतर फ्रीव्हील, म्हणजे पेडल थांबलं तरी चाक फिरू देणारा टिकटिक करणारा भाग. खडूने एक खूण करा, एक पूर्ण फेरा उलटा फिरवा आणि टिकटिक मोजा. साध्या सायकलच्या फ्रीव्हीलला वीसेक टिका मिळतात. म्हणजे एका टिकेला १८ अंश. पेडल दाबल्यावर पहिले काही अंश नुसतेच हवेत जातात, मग एकदम ‘खट्’ करून चावतं. उडीची वेळ चुकते ती बहुधा इथे. ट्रायलच्या फ्रीव्हीलला ७२, १०८ अशा टिका असतात. १०८ला एक टीक सव्वातीन अंशांच्या आसपास. दाबलं की लगेच. सगळ्यात आधी सुटा पार्ट मागवायचा असेल तर हा मागवा.

बऱ्याच ट्रायल बाइकला फ्रीव्हील मागे नसून क्रँकवर असतं आणि मागचं चाक चेनशी कायमचं जोडलेलं. त्यामुळे पेडल थांबलं तरी चाक फिरतंय तोवर चेन फिरत राहते. बुटाची नाडी, पँटचा घोळ आणि विशेषतः पाहायला आलेल्या लहान मुलांची बोटं, यांच्यावर लक्ष ठेवा. चेन जाड, एकेरी गिअरची, बीएमएक्सची (छोट्या चाकांच्या कसरतीच्या सायकलची). जोडणी पिनने ठोकलेली हवी, उघडमीट करायची क्लिपवाली कडी नको.

वर्षभरानंतर खरी ट्रायल बाइक घ्यायची ठरली तर २०, २४ की २६? स्पर्धेतले मुख्य दोन वर्ग २० आणि २६चे. २० इंची बाइक आखूड, पोटाखाली दगडावर आपटायला प्लेट, उड्यांना हलकी. २४ इंची रस्त्यावरच्या कसरतींसाठी, तिला बहुधा छोटी सीटही असते. पण आपल्याकडे निर्णय टायरवर होतो. २० इंची ट्रायल बाइकचं मागचं चाक खरं तर १९ इंची असतं, टायरच्या कडेचा व्यास ३८७ मि.मी. बीएमएक्सच्या २० इंची टायरचा ४०६. एकमेकांत बसत नाहीत, आणि ३८७चं टायर आपल्या दुकानात मागाल तर दुकानदार तुमच्याकडे बघतच राहील. ही बाइक मागवलीत तर तिच्याबरोबरच दोन टायर मागवा. २६ला ५५९ मि.मी.चं एमटीबी टायर गावोगाव मिळतं, म्हणून माझं मत २६ला. फक्त टायरच्या बाजूला छापलेला ५५९ वाचा, कारण जुन्या काळ्या सायकलींच्या ‘सव्वीस’चं माप वेगळं असतं.

हवा: माझं वजन ६८ किलो, मी मागे २० पीएसआय आणि पुढे २८ ठेवतो. दोन फूट उंचीवरून मागच्या चाकावर उतरून पाहा. रिम दगडाला ‘ठण्ण’ लागली तर दोन पीएसआय वाढवा. चेंडूसारखं उसळलं तर दोन कमी करा.

सेकंडहँड घेताना मात्र माझं ऐका. मी एक अॅल्युमिनिअमची फ्रेम घेतली होती, विकणाऱ्याने ‘एकदम टकाटक’ म्हणून दिली. तीन आठवड्यांनी किक, म्हणजे पेडलचा झटका मारताना खालची नळी हेडट्यूबपाशी (हँडलखालच्या पुढच्या नळीपाशी) उघडली आणि हनुवटीला चार टाके पडले. तडा होता तो एका ऐटबाज स्टिकरखाली. तेव्हापासून मी स्टिकर सोलल्याशिवाय सौदा करत नाही. वर्कशॉपची जुनी युक्ती आहे: जोडांवर पूर्वी रॉकेल लावायचो, आता डिझेल लावा. दहा मिनिटांनी कोरड्या फडक्याने स्वच्छ पुसा आणि खडूची पूड भुरभुरा. तडा असेल तर आत शिरलेलं डिझेल बाहेर येतं आणि पांढऱ्या पुडीत केसासारखी काळपट रेघ उमटते. हेडट्यूबचे जोड, बॉटम ब्रॅकेटभोवती (क्रँक जिथे फ्रेममध्ये बसते तिथे), मागच्या ब्रेकच्या माउंटपाशी आणि फोर्कच्या खांद्यावर पाहा. विकणारा ‘एवढं काय बघताय’ म्हणाला तर हात जोडून घरी या.

हेल्मेट, आणि नडगीला फुटबॉलचे शिनगार्ड. पोटरीलाही काहीतरी हवं, कारण पिनांचं पेडल उलटं फिरून मागूनच ओरबाडतं.

आता सायकलवर. भाच्याला शिकवायला घेतलं तेव्हा पहिला महिनाभर त्याला नुसतं उभं राहायला लावलं. दोन्ही पेडल आडवी, चाक जरा वळवलेलं, नजर तीन मीटर पुढे. तो वैतागला, “मामा, उडी कधी?” म्हटलं, एका जागी साठ आकडे मोजून दाखव, मग. कुठला पाय पुढे? पेडल न मारता उतारावरून घरंगळत या. आपसूक जो पाय पुढे राहतो तो तुमचा ‘चॉकलेट फूट’. सगळ्या किक त्याच पायाने.

मग दोन्ही ब्रेक दाबून जागच्या जागी टुणटुण उड्या. त्या जमल्या की पुढचं चाक उचलून मागच्या चाकावर उभं राहणं, आणि मग पेडल किक. जमिनीवर खडूच्या दोन रेघा मारा, वीतभर अंतरावर. मागचं चाक पहिल्या रेघेवर, पुढचं हवेत, ब्रेक घट्ट. भाच्यासाठी मी चार शब्द केलेत: वाक, सोड, मार, धर. गुडघे-कोपरं वाकव. ब्रेक सोड. त्याच क्षणी पेडल मार, पाव फेराही नाही, आणि कंबर पुढे-वर फेक. चाक दुसऱ्या रेघेवर टेकायच्या आत ब्रेक धर. नवशिक्या ‘सोड’ उशिरा करतो, म्हणून जोर जागच्या जागी मरतो. किंवा ‘धर’ उशिरा करतो आणि सायकल पुढे निसटून तो पाठीवर येतो. म्हणून पडायचं कसं तेही त्याच दिवशी शिकवतो: हँडल सोडून मागे उतरायचं. सीट नाही ती यासाठीच. सायकलला वाचवायला जाणाऱ्याचा हात मोडतो.

रेघांवर दहातल्या आठ जमल्या की लाकडी पॅलेट. भोसरीच्या एमआयडीसीत तुटकी पॅलेटं चहाच्या पैशात मिळतात. एकाची उंची साडेपाच इंचांच्या आसपास. दोन जमली की तिसरं. फळ्यांमधल्या फटींवर प्लायचा तुकडा ठोका आणि खिळ्यांची टोकं वाकवा.

टेकडीवरचा काळा दगड दिवाळी ते मे उत्तम, खरखरीत, टायर धरून ठेवतो. पहिल्या पावसानंतर त्यावर शेवाळ चढतं, ते हिरवं दिसायच्या आधीच निसरडं झालेलं असतं. जून ते सप्टेंबर मी पार्किंगच्या छताखाली पॅलेटांवरच असतो. वॉचमनकाकांशी बोलून घ्या, कव्हर घालून ठेवलेल्या गाड्या नसतील ती बाजू मागा, आणि डांबर लावलं असेल त्या दिवशी सकाळी आठच्या आत जाऊ नका.