वेडिंग केकचे टियर ठरवताय? या चुका टाळा

वसईतलं लग्न, पाहुणे ७०, केक माझा. १०, ८ आणि ६ इंच व्यासाचे तीन गोल टियर, म्हणजे केकचे एकावर एक मजले, हिशेबाने ७४ तुकडे. टोस्ट झाला, म्हणजे जोडप्याच्या नावाने पेले उंचावले, नवरा-नवरीने सुरी लावली, फोटो झाले आणि केक मागे गेला. तिथे केटररच्या पोराने वाढदिवसाच्या केकसारखे त्रिकोण पाडले. दहा इंचीचे १६, आठ इंचीचे १२, सहा इंचीचे ८. झाले ३६! मागच्या टेबलांवर रिकाम्या बश्या आणि नवरीची मावशी माझ्याकडे बघतेय. त्या पोराला काय बोलणार? त्याला सांगायचं काम माझं होतं.

तेव्हापासून ऑर्डर घेताना मी आधी विचारते, केक कापणार कोण?

वेडिंग केकचा तुकडा १ इंच रुंद, २ इंच लांब आणि टियरइतका, म्हणजे साधारण ४ इंच उंच धरतात. ऐकायला चिमूटभर वाटतो, पण बशीत आडवा ठेवला की जेवणानंतर पुरे होतो. या मापाने गोल टियरमधून निघणारे तुकडे असे: ६ इंचीत १२, ८ इंचीत २४, ९ इंचीत ३२, १० इंचीत ३८, १२ इंचीत ५६. पाठ करत बसू नका. टियरचं क्षेत्रफळ काढून दोनने भागलं की आकडा याच्या आसपासच येतो. माप दुप्पट म्हणजे तुकडे दुप्पट, असं मात्र धरू नका. ६ चे १२ इंच झाले की तुकडे चौपटीच्याही वर जातात. शाळेत त्रिज्येच्या वर्गाला कंटाळलेल्या माझ्यासारखीला तो आता रोज भेटतो. चौकोनी टियर घेतला तर १० इंचीत ५० तुकडे बसतात.

कापायचं असं: टियर सुटे करायचे. सुरी गरम पाण्यात बुडवून, पुसून, या कडेपासून त्या कडेपर्यंत एक इंचाची सरळ पट्टी काढायची. ती बोर्डावर आडवी पाडायची आणि दर दोन इंचांवर काप द्यायचा. मी याचं चित्र काढून डब्यावरच चिकटवते, मराठीत आणि हिंदीत. उंच टियरबाबत एक अडचण येते. हल्ली ८ इंच उंचीचे टियर मागतात, पण निम्म्या उंचीवर आडवा बोर्ड घातला नसेल तर उंची वाढली म्हणून तुकडे वाढत नाहीत, तुकडा नुसता उभट होऊन बशीत कोसळतो.

दुसरी चूक किलोची. "ताई, पाच किलोचा केक किती जणांना पुरेल?" असा फोन आठवड्याला एक तरी येतो. आठ इंची, चार इंच उंच क्रीमचा स्पंज दीड-दोन किलो भरतो. त्याच टिनातला रिच फ्रूट केक, म्हणजे सुकामेवा ठासून भरलेला, जवळजवळ दुप्पट. वर फाँडंट, म्हणजे साखरेचा लाटलेला थर, चढवला की तोही वजनात मोजला जातो, आणि तो अर्ध्याहून जास्त लोक बशीच्या कडेला काढून ठेवतात. किलोने पैसे घ्या हवं तर, माणसं किलोने मोजू नका. फ्रूट केकचे तुकडे बारीक चालतात. गोव्याकडे वर काजूचं मार्झिपान, म्हणजे काजू-साखरेचा थर, असतं, ते तर एका घासात पोट भरवतं.

पाहुणे ५०० असले म्हणून पाच टियर लावू नका. बुफेत जिलेबी-रबडी आणि आइस्क्रीम असेल तर मी शंभरात साठ-सत्तर तुकडे धरते. केक एकटाच गोड पदार्थ असेल तर शंभरला शंभर. मोठ्या लग्नाला समोर ६-९-१२ ठेवते, त्याचे १०० तुकडे. बाकीचा केक मागे ट्रेमध्ये: १२ बाय १८ इंचांच्या, दोन इंच उंच ट्रेमधून २ बाय २ चे ५४ चौकोन निघतात. चव तीच, सजावटीचा खर्च नाही. टेबल भव्य दिसायला हवं असेल तर खालचा टियर थर्माकोलचा करा, पण घरच्यांना आधी सांगा. नाहीतर काका मोठ्या हौसेने त्यातच सुरी घालतात.

वरचा टियर जोडपं घरी नेणार असेल तर हिशेबातून १२ वजा. वर्षभर जपायची ती रीत फ्रूट केकची आहे. क्रीमच्या स्पंजला ती लावू नका.

फुलांचं विचारलंय का? ६-८-१० मध्ये प्रत्येक टियरला एक इंचाचीच कड उरते, गुलाब तिथे बसत नाही. खरी फुलं हवी असतील तर ६-९-१२ किंवा ६-१० बघा.

आणि ऑर्डरला हो म्हणण्याआधी मोजायची टेप घेऊन घरात फिरा. बारा इंची टियर १४ इंचांच्या बोर्डावर बसतो. तो माझ्या ओटीजीत, म्हणजे घरच्या छोट्या ओव्हनमध्ये, भाजता आला नव्हता, दोन अर्धगोल भाजून जोडला. फ्रिजचं दारही लागेना, म्हणून भाजीचा कप्पा आणि दोन जाळ्या काढल्या, आणि दोन दिवस घरची कोथिंबीर शेजारच्या वहिनींच्या फ्रिजमध्ये.