बडोद्यात राहायला आलात आणि सात सीटची गाडी घ्यायची आहे

बदली होऊन, किंवा मकरपुरा, वाघोडिया, हालोलकडच्या कारखान्यांत नोकरी लागून बडोद्यात आलेलं मराठी कुटुंब वर्षभरात एकदा तरी मोठ्या गाडीच्या शोरूममध्ये जाऊन बसतं. आईवडील आता इथेच राहणार, गणपतीला आणि लग्नकार्यांना पुण्या-मुंबईकडे जावं लागणार, पाहुणे आले की पावागड नि केवडिया दाखवायचं. कारणं खरी आहेत. पण निर्णय घेताना चर्चा होते ती मायलेजची, आणि इंधन हा तर या खर्चातला लहान भाग आहे.

वर्षाला १०,००० किलोमीटर धरा. बडोद्यात घर ते ऑफिस सहा-आठ किलोमीटर आणि वर्षातून दोन-तीन लांबच्या फेऱ्या असतील, तर एवढंच होतं. पेट्रोल ९५, डिझेल ९० आणि सीएनजी ८२ रुपये धरू. पाच सीटची लहान पेट्रोल गाडी शहरात लिटरला १६ देते: वर्षाचे सुमारे ५९,००० रुपये. अर्टिगासारखी पेट्रोल गाडी एसी लावून १३ देते: ७३,०००. तीच सीएनजीवर किलोला २० धरली तर ४१,०००. इनोव्हा क्रिस्टा डिझेल शहरात ११ धरा: ८२,०००. म्हणजे लहान गाडी आणि क्रिस्टा यांच्यात इंधनाचा फरक वर्षाला बावीस-तेवीस हजारांचा. यासाठी कोणी झोप मोडू नये.

झोप मोडायची ती किमतीच्या घसरणीसाठी. ऑन रोड २२ लाखांची गाडी सहा वर्षांनी अकरा-बारा लाखांना गेली (इनोव्हाला भाव चांगला येतो, म्हणून एवढा आकडा), तरी वर्षाला पावणेदोन लाख झिजले. आठ लाखांची लहान गाडी चार लाखांना गेली, तर वर्षाला ६७,०००. त्यावर व्याज. जास्तीच्या दहा लाखांचं कर्ज ९ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी काढलं, तर हप्ता २०,७५० च्या आसपास बसतो आणि एकूण व्याज अडीच लाखांच्या जवळ जातं. मग विमा. थर्ड पार्टीचा दर इंजिनावर ठरतो. २०२२ मध्ये ठरलेल्या दरांनुसार १००० सीसीपर्यंत २,०९४ रुपये, १००० ते १५०० सीसीला ३,४१६ आणि १५०० च्या वर एकदम ७,८९७. क्रिस्टाचं इंजिन २३९३ सीसीचं, अर्टिगाचं १४६२ चं. स्वतःच्या नुकसानीचा विमा गाडीच्या किमतीवर, तो वेगळा. सर्व्हिसिंगला अर्टिगात तीन-साडेतीन लिटर ऑइल जातं, क्रिस्टात साडेसातच्या आसपास. टायरचंही तसंच, रिम जितकी मोठी तितका भाव चढा.

सगळं मिळून लहान गाडीपेक्षा क्रिस्टा वर्षाला दोन लाखांच्या आसपास जास्त खाते. अर्टिगा सीएनजीचा असाच हिशेब लावला तर जास्तीचा खर्च चाळीस-पन्नास हजारांवर थांबतो, कारण घसरणीत आणि व्याजात गेलेल्यातले काही पैसे इंधनात परत मिळतात.

आता हे पैसे भाड्याच्या गाडीशी ताडून बघा. बडोदा-पुणे साडेपाचशे किलोमीटरच्या आसपास. इनोव्हा किलोमीटरला १८ रुपये धरली, दिवसाला किमान ३०० किलोमीटर, चार दिवस, ड्रायव्हरचा भत्ता आणि टोल, सगळं मिळून २५,००० रुपयांपर्यंत जातं. म्हणजे सहा-सात माणसं घेऊन अशा आठ फेऱ्या वर्षाला होत असतील, तर क्रिस्टा दारात उभी करण्यात अर्थ आहे. अर्टिगा सीएनजीला दोन फेऱ्या पुरतात. चार माणसांच्या घरात तिसरी रांग वर्षातून पाच-सहा दिवस उघडणार असेल, तर लहान गाडी ठेवा आणि त्या दिवसांपुरती मोठी भाड्याने घ्या. टोलचा बाऊ मात्र करू नका. कार, जीप, व्हॅन एकाच वर्गात येतात, त्यामुळे इनोव्हाला वॅगनआरइतकाच टोल पडतो. राष्ट्रीय महामार्गांसाठी खासगी गाड्यांचा फास्टॅगचा वार्षिक पास १५ ऑगस्ट २०२५ पासून सुरू झाला, तेव्हा ३,००० रुपयांना: एक वर्ष किंवा २०० फेऱ्या, जे आधी संपेल ते. मुंबई-पुणे एक्स्प्रेसवे राज्याचा आहे, तिथे हा पास चालत नाही.

सीएनजीची सात सीट घ्यायची ठरलीच, तर दोन गोष्टी शोरूमवाला आपणहून सांगत नाही. पहिली सामानाची. तिसरी रांग उघडी असताना अर्टिगाची डिकी मुळात २०९ लिटरची, आणि सिलिंडर तिथेच बसतो. सात माणसं बसली की बॅगा मांडीवर, नाहीतर टपावर. टपावर कॅरियर लावलं की हायवेवर वाऱ्याचा रोध वाढतो आणि सीएनजीचा फायदा थोडा तिथेच जिरतो. दुसरी गोष्ट पंपावरची. गॅस भरताना सगळ्यांना खाली उतरवतात. तिसऱ्या रांगेत आजी बसल्या असतील, तर मधली सीट पुढे दुमडायची, त्यांचा हात धरून त्यांना बाहेर काढायचं, मे महिन्यात बेचाळीस डिग्रीत उभं करायचं आणि पुन्हा आत बसवायचं. टाकीत आठ-नऊ किलो गॅस बसतो, म्हणजे हायवेला १८० ते २०० किलोमीटर. मुंबईपर्यंत चारशेच्या वर अंतर आहे, तेव्हा ही कसरत दोनदा तरी आलीच. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना मधल्या रांगेतच बसवा, तिसरी रांग पोरांची. शहरात वडोदरा गॅसच्या पंपांवर संध्याकाळी रांग लांबते, पहाटे किंवा रात्री उशिरा भरलेलं बरं. सिलिंडरची तपासणी दर तीन वर्षांनी करून घ्यावी लागते. पाटीवरची तारीख गाडी जुनी घेताना आधी बघा.

चार मीटरच्या आतली सात सीट हवी असेल, तर रेनॉ ट्रायबर आहे. ९९९ सीसी, मागच्या सीट काढून घरी ठेवता येतात. काढल्या की डिकी ६२५ लिटरची, लावल्या की ८४ ची. २२ सप्टेंबर २०२५ पासून अशा लहान गाड्यांवर जीएसटी १८ टक्के आणि मोठ्यांवर ४० टक्के झाला, त्याचाही फायदा मिळतो. मात्र सात माणसं आणि घाट असला की इंजिनाचा जीव थोडा, हे समजून घ्या.

डिझेलबद्दल आमचं मत कडक आहे: बडोद्यातल्या बडोद्यात फिरायला डिझेल घेऊ नका. बीएस-६, म्हणजे धुराच्या नव्या निकषांच्या, गाड्यांच्या धुरांड्यात काजळी अडवणारा फिल्टर असतो, त्याला डीपीएफ म्हणतात. ती काजळी जाळायला गाडी वीसेक मिनिटं ६० च्या वर एकसारखी पळावी लागते. गोत्रीहून अलकापुरी, अलकापुरीहून शाळा, शाळेतून घर, अशा फेऱ्यांत सायलेन्सर पुरता तापतच नाही. काजळी साठते, गाडी जास्तीचं डिझेल फवारून ती जाळायला बघते, मध्येच आपण किल्ली फिरवून बंद करतो, आणि न जळलेलं डिझेल ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिकवर ऑइलची पातळी खुणेच्या वर चढलेली दिसली, तर खूश होऊ नका, ते पातळ झालंय. डॅशबोर्डवर डीपीएफचा दिवा लागला की लगेच अहमदाबाद एक्स्प्रेस हायवेला लागा आणि आणंदपर्यंत खालच्या गिअरमध्ये इंजिन थोडं चढं ठेवून जाऊन या. दुर्लक्ष केलं तर फिल्टर बदलण्याचा खर्च लाखाच्या घरात जाऊ शकतो. काही डिझेल गाड्यांना डीईएफ, म्हणजे युरियाचं द्रावणही लागतं. ते संपलं की गाडी बंद केल्यावर पुन्हा चालू होत नाही. महिन्यातून दोन-तीनदा सुरत-मुंबई करणाऱ्यांना यातलं काहीच सतावत नाही, त्यांनी डिझेल जरूर घ्यावं. वर्षाला वीस हजार किलोमीटरच्या खाली हायब्रिड, म्हणजे पेट्रोल इंजिनाला बॅटरी-मोटरची जोड असलेली गाडी, परवडते का? इनोव्हा हायक्रॉस शहरात सुरेख मायलेज देते, पण तिच्या चढ्या किमतीचे पैसे तेवढ्या फिरण्यात वसूल होत नाहीत.

गाडी कुठे ठेवणार, हे घर बघतानाच बघा. क्रिस्टा ४७३५ मिलिमीटर लांब, १८३० रुंद. अर्टिगा ४४०० च्या आसपास आणि १७३५. अडीच मीटरच्या जागेत क्रिस्टा उभी राहते, पण शेजाऱ्याची गाडी असली की दार पुरतं उघडत नाही. वासणा-भायलीकडच्या नव्या सोसायट्यांत निभतं. रावपुरा, दांडिया बाजार, मांडवीच्या आसपास पोळात, म्हणजे जुन्या अरुंद गल्लीत, घर घेतलंत तर मोठी गाडी विसरा, गाडी कोपऱ्यावर लावून चालत यावं लागेल. यांत्रिक पार्किंग असेल, तर उंचीची मर्यादा विचारा. खालचे कप्पे बहुतेक सेडानच्या मापाचे असतात.

तळघरातलं पार्किंग हा बडोद्यात वेगळाच विषय आहे, आणि त्याचं नाव विश्वामित्री. २०१९ च्या जुलैअखेरीस आणि २०२४ च्या ऑगस्टअखेरीस नदी शहरात शिरली. २०२४ मध्ये पाणी ३५ फुटांच्या वर गेलं होतं, धोक्याची पातळी २६ फूट आहे. अकोटा, मुजमहुडा, फतेगंज, कारेलीबागच्या काही भागांत गाड्या बुडाल्या. उंच गाडी असली म्हणून तळघरात तिचं काही वाचत नाही, आणि वीस लाखांची गाडी बुडाली तर नुकसानही त्याच मापाचं. म्हणून विमा घेताना इंजिन संरक्षणाची जोड मागून घ्या. साध्या पॉलिसीत, पाण्यात गाडी चालू केल्यामुळे इंजिन आतून मोडलं तर कंपनी बोट दाखवून मोकळी होते. अजवा धरणातून पाणी सोडल्याची बातमी आली आणि काळा घोड्याजवळची नदीची पातळी वीस फुटांच्या वर सरकू लागली, की गाडी उंचावरच्या ओळखीच्या सोसायटीत नेऊन लावा. पाऊस थांबला म्हणून निश्चिंत राहू नका, वरचं पाणी नंतर येतं. बुडालीच तर स्टार्ट करून बघू नका. इंजिनाच्या सिलिंडरमध्ये पाणी असलं तर पिस्टन ते दाबू शकत नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. शक्य असेल तर बॅटरीची निगेटिव्ह तार काढा, पाण्याची रेघ दिसेल असे फोटो घ्या, विमा कंपनीला कळवा आणि गाडी सपाट ट्रकवरूनच न्या. हायब्रिड असेल तर बॅटरीला हातही लावू नका.

कागदांचं थोडक्यात. गुजरातमध्ये खासगी गाडीवर आजन्म कर ६ टक्के. महाराष्ट्रात १० ते २० लाखांच्या डिझेल गाडीला १४ टक्के. म्हणजे १८ लाखांच्या गाडीवर इथे १ लाख ८ हजार, तिकडे २ लाख ५२ हजार. नवी घ्यायचीच तर भाडेकरार नोंदवून बडोद्याच्या जीजे-०६ नंबरचीच घ्या. दोन-तीन वर्षांत परत बदली होणार असेल, तर देशभर चालणारा बीएच नंबर बघा. त्यासाठी सरकारी नोकरी किंवा चार राज्यांत कचेऱ्या असलेली कंपनी लागते, आणि कर दोन-दोन वर्षांचा भरता येतो. पण त्याचा दर ८, १० आणि १२ टक्के, डिझेलला आणखी २, म्हणून इथेच मुरणाऱ्यांना तो महागच. एमएचची गाडी आणली असेल, तर बारा महिन्यांच्या आत तिकडच्या आरटीओचं ना हरकत पत्र, म्हणजे फॉर्म २८, आणून दरजीपुऱ्याच्या आरटीओत नवा नंबर घ्यावा आणि गाडीच्या वयानुसार कर भरावा लागतो. तिकडच्या कराचा परतावा मागता येतो, पण त्याला हेलपाटे आहेत. आठ-दहा वर्षांची मोठी डिझेल गाडी असेल तर ती तिकडेच विकून या.

आणि भाड्याने घेणार असाल, तर गणपती नि दिवाळीची गाडी महिनाभर आधी ठरवा. भाव ठरवताना तीन गोष्टी लिहून घ्या: किलोमीटर तुमच्या दारापासून की त्यांच्या गॅरेजपासून, दिवस रात्री बारापर्यंत की चोवीस तासांचा, आणि राज्याबाहेरचा परमिट कर भाड्यात धरलाय की वेगळा. गाडी पिवळ्या पाटीचीच मागा. खासगी पांढऱ्या पाटीची स्वस्त मिळते, पण भाड्याने चाललेली असताना अपघात झाला तर विमा हात वर करतो.