पहिला खरा प्रोजेक्ट घ्यायच्या आधीची तयारी

लूप, फंक्शन, लिस्ट, डिक्शनरी जमायला लागलंय आणि आता पुढे काय असं झालं असेल तर अजून एक कोर्स विकत घेऊ नका, आधी एक माणूस शोधा. हो माणूसच, ज्याचा हिशेब आज वहीत चालतो, त्या हिशेबाचा प्रोग्राम हाच तुमचा पहिला प्रोजेक्ट. भिशीवाल्या मावशी, सोसायटीचे खजिनदार, कुणीही. मी इथे मेसवाल्या काकू धरतोय आणि भाषा पायथन. सरावासाठी टू-डू अ‍ॅप (कामांची यादी ठेवणारं) कितीही बनवा, तिथे इनपुट तुम्हीच देता आणि नेमकं बरोबर देता, काकू तसं देणार नाहीत.

कोड उघडायच्या आधी वहीच्या पानांचे फोटो मागून घ्या. खाडे, हाफ डबा, पाहुणा, आगाऊ जमा, मागची बाकी, हे सगळं त्यात सापडेल आणि नियम मात्र कुठेच लिहिलेले नसतील, ते विचारूनच घ्यावे लागतात, म्हणजे सलग तीन दिवस खाडा असेल तरच पैसे कापायचे की एका दिवसाचेही. महिना २८०० चा आणि दिवस ३१, तर एका खाड्याचे ९० रुपये ३२ पैसे आणि वर काहीतरी, ते वरचं कुणी सोसायचं? हे काकूंनी ठरवायचं, तुम्ही नाही आणि एआयने तर नाहीच. रकमा पैशांमध्ये, पूर्णांकात ठेवा, कारण पायथनला ०.१ अधिक ०.२ विचारलं तर उत्तर ०.३०००००००००००००००४ येतं.

डेटासाठी एसक्यूलाइट हा छोटा डेटाबेस पुरे, पायथनसोबतच येतं, सर्व्हर नको, सगळं एका फाईलीत. मेंबर, खाडे, जमा अशी टेबलं करा आणि कुणाची किती बाकी तो आकडा साठवू नका, दरवेळी हिशेबातून काढा. क्वेरीत (म्हणजे डेटाबेसला विचारायच्या वाक्यात) नाव थेट चिकटवायचं नाही, प्रश्नचिन्ह टाकून व्हॅल्यू वेगळी द्यायची, नाहीतर नावात अपॉस्ट्रॉफी असलेला पहिला मेंबर आला की प्रोग्राम आडवा.

मराठी नावं असणारच, त्यामुळे फाईल उघडताना दरवेळी एन्कोडिंग (अक्षरं फाईलीत साठवायची पद्धत) यूटीएफ-८ लिहा, विंडोजच्या भरवशावर राहू नका. काकूंचा मुलगा सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने पाडलेली साधी फाईल) एक्सेलमध्ये डबल क्लिक करून उघडणार असेल तर सेव्ह करताना यूटीएफ-८-सिग वापरा, नाहीतर नावांच्या जागी कचरा दिसतो. आणि 'क्षि' ची लांबी पायथन ४ सांगतो (क, हलन्त, ष, वेलांटी), एक नाही, म्हणून टर्मिनलवरचे कॉलम वाकडे दिसले तर घाबरू नका.

गिट (कोडच्या बदलांची नोंद ठेवणारं टूल) पहिल्या दिवसापासून, प्रत्येक चालत्या बदलाला कमिट म्हणजे नोंद, आणि डेटाबेसची फाईल गिटइग्नोरमध्ये, म्हणजे गिटने वगळायच्या यादीत, त्यात लोकांचे फोन नंबर आहेत बाबांनो. व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट (या प्रोजेक्टच्या लायब्ररींसाठी वेगळी जागा) करून घ्या, ते काम पाच मिनिटांचं. एरर आला की ट्रेसबॅक, म्हणजे पायथन छापतो तो एररचा माग, खालून वर वाचा, तरी कळलं नाही तर ब्रेकपॉइंट() टाकून प्रोग्राम तिथेच थांबवा आणि व्हेरिएबल बघा, प्रिंटचा पाऊस नको. पायटेस्टमध्ये (कोड आपोआप तपासणारं टूल) निदान फेब्रुवारी, ३१ चा महिना, शून्य खाडे आणि महिन्याच्या मध्येच आलेला मेंबर, एवढ्या केसेस हव्याच.

चालू केल्यावर वही लगेच बंद करायला लावू नका, पहिला महिना दोन्ही चालू द्या आणि रोज रात्री प्रोग्राम बंद करून डेटाबेसची कॉपी पेनड्राइव्हवर. महिनाअखेरीला बेरजा जुळल्या नाहीत तर वही चुकलीय म्हणून काकूंकडे धावू नका, आधी खाड्याचे नियम परत विचारून या.