विंडोज टाकताना पीसी मध्येच अडकला? बटण दाबून बंद करायच्या आधी या चुका टाळा

विंडोज १० चा फुकटचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि तेव्हापासून कुडाळ-कणकवली पट्ट्यात ज्याला त्याला नवीन विंडोज नाहीतर लिनक्स टाकायचंय, गणपतीत चाकरमानी येताना बॅगेत एक पेनड्राइव्ह घेऊन येतो आणि मग रात्री जेवणं झाली की घरातला जुना पीसी फॉरमॅट करायला बसतात. अर्ध्यावर अडकलं की फोन, "मेल्या, ता गोल गोल फिरता हा मगासपासून, बंद करू काय?"

नको. सगळ्यात जास्त वाट लागते ती या घाईनेच. आधी कीबोर्डवरचं कॅप्स लॉक दाबून बघा, त्याची लाईट चालू-बंद होत असेल तर मशीन जिवंत आहे, आणि कॅबिनेटवरची हार्ड डिस्कची लाईट लुकलुकतेय म्हणजे आत काम चालू आहे. ४ जीबी रॅम आणि जुनी फिरती हार्ड डिस्क असेल तर एकाच टक्क्यावर वीस-पंचवीस मिनिटं बसून राहणं अगदी नॉर्मल आहे हो, तासभर तरी थांबा. कॅप्स लॉक मेलेलं, माऊस हलत नाही, डिस्कची लाईट पण थंड, असं असेल तरच पॉवरचं बटण दाबून धरा, आणि त्याआधी स्क्रीनचा मोबाईलवर फोटो काढा कारण नेमकं कुठे थांबलं त्यावरच पुढचं सगळं ठरतं.

दुसरी चूक म्हणजे आपल्याकडची लाईट गृहीत धरणं. पावसाळ्यात वारा सुटला की लाईट जाणार हे माहीत असूनही लोक डेस्कटॉप थेट बोर्डाला लावून इन्स्टॉल करायला बसतात. घरात इन्व्हर्टर आहे म्हणून निर्धास्त राहू नका, बऱ्याच इन्व्हर्टरला यूपीएस मोडचं बटण असतं आणि ते बंद असेल तर लाईट गेल्यावर बॅटरीवर जायला जो क्षण लागतो तेवढ्यात पंख्याला कळत पण नाही पण पीसी रिस्टार्ट होतो. यूपीएस मोडला मात्र व्होल्टेज नीट लागतं, साधारण १८० च्या खाली आलं की तो बॅटरीवर उडी मारतो, म्हणजे संध्याकाळी डीम लाईटमध्ये सुरू केलंत तर बॅटरी उतरून मध्येच राम म्हणणार. सकाळी करा. लॅपटॉप असेल तर बॅटरी आधी भरून घ्या, मेलेली बॅटरी असलेला लॅपटॉप म्हणजे डेस्कटॉपच.

आता पेनड्राइव्ह. आयएसओ फाईल (अख्खी इन्स्टॉल डिस्क एकाच फाईलीत) नुसती कॉपी-पेस्ट करून पेनड्राइव्ह बूट होत नाही, म्हणजे पीसी त्यावरून सुरू होत नाही, रुफस नावाचं सॉफ्टवेअर किंवा मायक्रोसॉफ्टचं मीडिया क्रिएशन टूल वापरा, पेनड्राइव्ह किमान ८ जीबीचा लागतो. काही जण फाईली हाताने फॅट३२ (जुना फॉरमॅट) केलेल्या पेनड्राइव्हवर टाकतात, तिथे ४ जीबीपेक्षा मोठी फाईल बसतच नाही आणि विंडोजची मुख्य फाईल बरेचदा त्याहून मोठी असते. बाजारातले ६४ जीबी लिहिलेले डुप्लिकेट पेनड्राइव्ह तर विचारूच नका, आत खरी जागा बरीच कमी असते, त्यापुढे लिहिलेलं सगळं खराब. शिवाय मोबाईलच्या हॉटस्पॉटवर तुटत तुटत उतरवलेली आयएसओ खराब असू शकते, तिचा शा२५६ चेकसम (फाईल शाबूत आहे का ते सांगणारा लांबलचक कोड) काढून साईटवर दिलेल्याशी जुळवून बघा, दोन मिनिटांचं काम आहे. फाईल्स कॉपी होताना प्रत्येक वेळी त्याच टक्क्यावर अडकत असेल तर पहिला संशय पेनड्राइव्हवर, मग हार्ड डिस्कवर. दर वेळी वेगळ्याच टक्क्यावर अडकत असेल तर रॅम बघा, मेमटेस्ट हा रॅम तपासणारा प्रोग्राम रात्रभर चालू ठेवा.

रॅमवरून आठवलं, समुद्राजवळच्या घरात खारी दमट हवा कॉन्टॅक्ट खाते. वेंगुर्ला-मालवणकडे चालू करताना कंपनीच्या लोगोवरच अडकणारे बरेच पीसी नुसती रॅम काढून सोनेरी पट्टी खोडरबरने पुसून परत बसवली की चालू होतात. अर्थात प्लग काढून, आणि खोडरबराचा चुरा स्लॉटमध्ये पाडू नका. लोगोवर अडकत असेल तर प्रिंटर, डोंगल, जास्तीची डिस्क सगळं काढा, फक्त कीबोर्ड-माऊस ठेवा. लिनक्स टाकताना काळी स्क्रीन येऊन थांबलं तर ते बहुतेक ग्राफिक्स कार्डाचं, मिंटमध्ये कंपॅटिबिलिटी मोड आणि उबुंटूमध्ये सेफ ग्राफिक्स निवडा.

डिस्कच दिसत नाही? इंटेलच्या ११ व्या जनरेशनपासूनच्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये बायोसला (पीसी चालू होतानाच्या मूळ सेटिंगला) व्हीएमडी नावाची डिस्क सांभाळणारी सोय चालू असते, तिचा ड्रायव्हर पेनड्राइव्हवर ठेवून 'लोड ड्रायव्हर'मधून द्या. डिस्क दिसते पण जीपीटी-एमबीआरवरून (डिस्कचे भाग पाडायच्या नव्या-जुन्या पद्धती) नकार देते, तर पेनड्राइव्ह यूईएफआय मोडला (बायोसच्या नव्या पद्धतीने) बूट केलाय का ते बघा. नेटवर वाचून डिस्कपार्टमध्ये (विंडोजचं डिस्कचे भाग पाडायचं टूल) क्लीन ही कमांड मारू नका, मुलीच्या बारशाच्या फोटोंसकट सगळी डिस्क पुसली जाते आणि ते काही विचारत पण नाही. बायोसमध्ये हात घालायच्या आधी बिटलॉकरची (विंडोजचं डिस्कला लागणारं कुलूप) रिकव्हरी की लिहून ठेवा, नाहीतर आहे तो डेटा पण कुलपात.

आणि पहिल्या रिस्टार्टला पेनड्राइव्ह काढा! नाहीतर बूट ऑर्डरमध्ये (पीसी आधी कशावरून सुरू व्हायचं तो क्रम) तोच वर असतो, इन्स्टॉल परत पहिल्यापासून सुरू होतं आणि लोक म्हणतात अडकलं. त्यापुढे विंडोज ११ नेट मागतं, वायफायचा ड्रायव्हर नसतो, नेक्स्टचं बटण फिकट राहतं, ते काही हँग नाही. फोन केबलने लावून यूएसबी टेथरिंग (फोनचं नेट केबलमधून पीसीला देणं) चालू करा, बहुतेक वेळा लगेच पुढे सरकतं.