उत्तर अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांची बालपुस्तकं: निवडताना आणि वाचून दाखवताना या चुका टाळा

‘रेड इंडियन’ हा शब्द मराठीतून अजून गेलेला नाही, आणि पहिली चूक तिथेच होते. तो शब्द कानावर पडला की मुलाच्या डोळ्यांपुढे पिसांचा मुकुट, घोडा आणि तंबू उभे राहतात. मग पुस्तक कोणाचंही असो, त्याला दिसतं तेच. अमेरिकेत केंद्र सरकारची मान्यता असलेल्या ५७० हून जास्त जमाती आहेत. कॅनडात फर्स्ट नेशन्स म्हणवणाऱ्या मूळ रहिवाशांचे ६०० हून जास्त समुदाय, शिवाय मेटी (मूळ रहिवासी आणि युरोपीय अशा मिश्र वंशाचे) आणि इन्युइट (उत्तर ध्रुवाकडच्या थंड प्रदेशातले). टिपी नावाचा तंबू मैदानी प्रदेशातल्यांचा; नवाहोंचं घर म्हणजे होगन; कोरीव टोटेम खांब वायव्य किनाऱ्यावरचे. एकाच गावाच्या चित्रात टिपी आणि टोटेम खांब शेजारी शेजारी दिसले, तर पुस्तक परत फडताळात ठेवा.

उपाय साधा आहे. वाचायला सुरुवात करतानाच नाव सांगा: ही गोष्ट क्री लोकांची, ही ओजिब्वेंची. आपलेपणा हा या पुस्तकांचा गाभा आहे, आणि आपलेपणा नेमक्या लोकांशी असतो, नेमक्या नदीशी असतो. सरसकट ‘आदिवासी’ म्हटलं की तो विरतो. तोंडी भाषांतर करत असाल तर ‘ट्राइब’ला टोळी म्हणू नका, मराठीत टोळी दरोडेखोरांची असते. ‘नेशन’ला राष्ट्रच म्हणा, कारण सरकारांनी त्यांच्याशी करार केले ते राष्ट्र म्हणूनच. ‘एस्किमो’ नको, इन्युइट म्हणा. जुन्या पुस्तकांत बाईसाठी ‘स्क्वॉ’ शब्द भेटतो, ती शिवी आहे. २०२२ साली अमेरिकी सरकारने सुमारे ६५० डोंगर, ओढे वगैरेंच्या नावांतून तो काढून टाकला.

दुसरी चूक म्हणजे मुखपृष्ठावरच्या दाव्यावर विश्वास ठेवणं. १९७६ साली आलेलं ‘द एज्युकेशन ऑफ लिटल ट्री’ चेरोकी अनाथ मुलाची आत्मकथा म्हणून खपलं. लेखक प्रत्यक्षात कू क्लक्स क्लान या गोऱ्यांच्या हिंसक संघटनेतला वर्णद्वेषी निघाला. १९९१ मध्ये प्रकरण गाजल्यावर न्यूयॉर्क टाइम्सने ते सत्यकथांच्या यादीतून कादंबऱ्यांच्या यादीत हलवलं. पुस्तक मात्र अजून विकलं जातं. म्हणून घेण्याआधी पाच मिनिटं मागची पानं चाळा. लेखकाने आपल्या राष्ट्राचं नाव दिलंय, की नुसतं ‘मूळ रहिवासी वंशाचा’ लिहिलंय? गोष्ट कुठली, कधीची? भाषा तपासणारी माणसं कोण? मग अमेरिकन इंडियन लायब्ररी असोसिएशनच्या पुरस्कारप्राप्त पुस्तकांची यादी पाहा. २००६ पासून दर दोन वर्षांनी ते बाल-किशोर साहित्याला पुरस्कार देतात.

मागची पानं निवडून झाल्यावरही लागतात. ‘फ्राय ब्रेड’ (२०१९) हे चित्रपुस्तक नुसतं वाचलं तर तळलेल्या पावाची गोड कविता वाटते. लोकांना त्यांच्या जमिनीवरून हुसकावलं, शिध्यात पीठ, साखर, मीठ, चरबी एवढंच दिलं, त्यातून हा पाव आला, हे शेवटच्या टिपणात कळतं. आतल्या मलपृष्ठांवर तर राष्ट्रांची नावंच नावं आहेत. मुलांना त्यावर बोट फिरवू द्या.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो निवासी शाळांच्या पुस्तकांत. मूळ रहिवाशांच्या मुलांना घरापासून तोडून, केस कापून, भाषा बंद करून ठेवणाऱ्या या शाळांपैकी कॅनडातल्या शेवटच्या १९९० च्या दशकात बंद झाल्या. म्हणजे आज हयात असलेल्यांची ही गोष्ट आहे, ‘फार फार वर्षांपूर्वी’ची नाही. वाचणारा दुःखाच्या पानावर थांबतो, मुलं रडवेली होतात, पुस्तक मिटतं. ‘व्हेन वी वेअर अलोन’ (२०१६) मध्ये नात विचारते, आजी, तू केस लांब का ठेवतेस? शाळेत केस कापले होते, हे अर्धंच उत्तर. एकट्या असताना मुली गवताची लांब पाती केसांत गुंफायच्या, आणि आज आजीची वेणी लांब आहे. हे सगळं एका बैठकीत व्हायला हवं. पाच वर्षांच्या मुलासमोर निम्म्यात थांबणार असाल, तर सुरूच करू नका. आणि ‘आता तुम्ही त्या शाळेतली मुलं व्हा’ असलं नाट्य अजिबात नको. त्यातून सहानुभूती येत नाही, भीती येते. वर्गात त्या समाजाचं मूल असेल तर त्याच्यावर काय बेतेल, याचाही विचार करा.

कागदी पिसांचे मुकुट करायला लावणंही टाळा. पिसं मान म्हणून मिळतात, हस्तकलेचं सामान म्हणून नाही. वाचन फक्त नोव्हेंबरात, थँक्सगिव्हिंग या अमेरिकी सणाला जोडून, हीदेखील खोड. आजच्या काळातली, शहरातली, फुटबॉल खेळणारी पात्रं असलेलं एक तरी पुस्तक हवं, नाहीतर मुलांना वाटतं हे लोक संपले.

लोककथांचा मामला वेगळा. नवाहोंमध्ये कायोटी या कोल्ह्यासारख्या प्राण्याच्या गोष्टी हिवाळ्यातच सांगतात. ओजिब्वेंच्या पवित्र कथांनाही जमिनीवर बर्फ लागतो. असं पुस्तक जूनमध्ये हाती आलं तर हिवाळ्यापर्यंत बाजूला ठेवा.

उच्चारांत मात्र मराठी वाचकाचं नशीब चांगलं आहे. ओजिब्वेच्या रोमन लेखनात स्वर दोनदा लिहिला की तो दीर्घ, एकदा लिहिला की ऱ्हस्व; अपवाद फक्त e चा, तो एकदाच लिहितात पण नेहमी दीर्घ असतो. इंग्रजी वाचणारे इथे अडखळतात, देवनागरीत तो सरळ उतरतो. मिनेसोटा विद्यापीठाच्या ओजिब्वे शब्दकोशात भाषकांचे आवाज ऐकता येतात. आधी तिथे ऐका, मग पुस्तकाच्या कडेला पेन्सिलने लिहून ठेवा: मीग्वेच, म्हणजे आभार.