टी कोरोना बोरिअलिसची वाट पाहताय? या चुका टाळा

उत्तर मुकुट तारकासमूहातला हा पुनरावर्ती नवतारा (पुन्हा पुन्हा अचानक उजळणारा तारा) 1866 आणि 1946 साली उजळला. त्यावरून ‘80 वर्षांनी पुन्हा’ असा हिशेब मांडून तारीख धरून बसू नका. भुजंगधारी तारकासमूहातला असाच नवतारा आरएस ऑफियुकी कधी उजळला ते बघा: 1958, 1967, 1985, 2006, 2021. कधी 9 वर्षांनी, कधी 21. नवतारा म्हणजे खरं तर जोडी: त्यातला श्वेत बटू (विझत आलेल्या ताऱ्याचा लहान, घट्ट गाभा) शेजारच्या तांबड्या राक्षसी (फुगलेल्या) ताऱ्याकडून हायड्रोजन ओढतो. साचलेल्या थराच्या तळाशी दाब आणि तापमान पुरेसं वाढलं की तो थर भडकतो, पण हायड्रोजन येण्याचा वेग कायम सारखा नसतो. टी कोरोनासाठी सप्टेंबर 2024 सांगितला गेला, मग 27 मार्च 2025. दोन्ही कोरडे गेले.

‘सुपरनोव्हा होणार’, म्हणजे अख्खा तारा फुटणार, असे मेसेज पुढे ढकलू नका. इथे वरचा थर उडतो, तारा शाबूत राहतो. म्हणून तर तो पुन्हा उजळतो!

खरी फसगत ओळखण्यात होते. मुकुटात एक ठळक तारा दिसला की लगेच फोनाफोनी सुरू. तो अल्फेका, 2.2 प्रतीचा (प्रत म्हणजे तेजाचं माप; आकडा जितका मोठा तितका तारा मंद), रोजचाच. नवतारा ऐन भरात जवळपास तेवढाच तेजस्वी असेल, पण मुकुटाच्या पूर्वेकडच्या टोकाजवळ, मुकुटातल्याच एप्सिलॉन ताऱ्याच्या जेमतेम 1 अंश दक्षिणेला. एप्सिलॉन 4.1 प्रतीचा, म्हणजे शहरातून तोही धडपणे दिसत नाही. म्हणून एखाद्या काळोख्या रात्री गावाबाहेर जाऊन ती जागा आधीच नजरेत बसवा. मे महिन्यात मध्यरात्रीच्या सुमारास मुकुट महाराष्ट्रात जवळजवळ डोक्यावर असतो. तिथे ग्रह येत नाहीत, त्यामुळे ती शंका सोडून द्या.

बायनॉक्युलरमधून काहीच दिसलं नाही? एरवी हा तारा 10व्या प्रतीचा असतो, त्यात नवल नाही.

बातमी आली की ‘शनिवारी बघू’ म्हणू नका. आठवड्याभरातच तो नुसत्या डोळ्यांना दिसेनासा होतो.

तेजाचा अंदाज घेताना टक लावू नका. तारा तांबूस झाला असेल तर एकटक पाहिल्याने तो आहे त्याहून ठळक भासतो. अल्फेका आणि एप्सिलॉनकडे आळीपाळीने झटपट नजर टाका नि मधली प्रत ठरवा. नोंद जागतिक वेळेत (यूटी, आपल्या घड्याळाच्या साडेपाच तास मागे) करा: आपल्याकडे 13 तारखेला पहाटे 2 वाजले असतील तर वहीत 12 तारीख, 20:30 असं लिहायचं. तारखेचा हा घोळ फार जण घालतात.