जर्मन नावातला ‘ग्राफ’ आणि ‘फॉन’: कुठे लिहायचा, कुठे गाळायचा

जर्मनीत शिकायला किंवा नोकरीला आलेली मराठी मुलं मला एक प्रश्न हमखास विचारतात. प्राध्यापकांच्या किंवा घरमालकिणीच्या नावात ‘ग्रेफिन फॉन’ असं काहीतरी आहे, तर ईमेलची सुरुवात कशी करू? (‘ग्राफ’ हा काउंट या अर्थाचा सरदारी किताब, ‘ग्रेफिन’ त्याचं स्त्रीलिंगी रूप, आणि ‘फॉन’ म्हणजे ‘अमुक ठिकाणचा’.) मी पुण्यात जर्मन शिकले आणि आता स्टुटगार्टमध्ये एका वकिलांच्या कार्यालयात पत्रव्यवहार आणि फायली सांभाळते. अशी नावं रोज हाताखालून जातात. ती अर्धवट किंवा उलटसुलट लिहिलेली दिसली की मला खरंच वाईट वाटतं, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

आधी एक गोष्ट पक्की धरा. आजच्या जर्मनीत कायद्याच्या दृष्टीने सरदार-उमराव कोणी नाही. १९१९ च्या वायमार राज्यघटनेच्या १०९ व्या कलमाने जन्मावर आधारलेले विशेषाधिकार काढून टाकले आणि नवे किताब द्यायचे नाहीत असं ठरवलं. जुने किताब राहिले, पण केवळ नावाचा भाग म्हणून. ती तरतूद आजही साधा कायदा म्हणून लागू आहे. देशमुखी गेली आणि देशमुख हे आडनाव राहिलं, तसंच हे. ‘ग्राफ’ आता आडनावात मोडतो, आणि पुढचे बहुतेक नियम एवढ्या एका गोष्टीतून निघतात.

त्यातला पहिला नियम जागेचा. राजेशाहीत ‘ग्राफ ओटो फॉन बिस्मार्क’ असं म्हणत, कारण किताब माणसाच्या पुढे चालायचा. आता आडनाव जिथे येतं तिथेच किताब येतो, म्हणजे स्वतःच्या नावानंतर. १९७७ ते १९८४ या काळात अर्थमंत्री असलेले (मध्ये थोडा खंड पडला होता) ओटो ग्राफ लाम्ब्सडोर्फ यांचं उदाहरण लक्षात ठेवा. त्यांच्याकडे डॉक्टरेटही होती, म्हणून पूर्ण उल्लेख ‘डॉ. ओटो ग्राफ लाम्ब्सडोर्फ’ असा होई. डॉक्टर पुढे, ग्राफ मागे. कारण डॉक्टरकी ही मिळवलेली पदवी आहे आणि ग्राफ हे आडनाव.

नाव वाचायला शिकायचं तर आमच्या स्टुटगार्टमधलंच घ्या: क्लाउस शेंक ग्राफ फॉन श्टाउफेनबेर्ग. २० जुलै १९४४ रोजी हिटलरच्या बैठकीत बॉम्ब ठेवणारे हेच. त्यांचे वडील व्युर्टेम्बेर्गच्या राजाकडे दरबारी अधिकारी होते, त्यामुळे बालपण इथल्या जुन्या राजवाड्यात गेलं. आज तिथे त्यांचं स्मृतिदालन आहे, जमलं तर जरूर बघा. या नावात ‘क्लाउस’ हे स्वतःचं नाव. ‘शेंक’ पाहून अनेकांना ते मधलं नाव वाटतं, पण तो एक जुना दरबारी हुद्दा, जो घराण्याच्या नावात मिसळून गेला. म्हणजे आडनाव ‘शेंक’पासूनच सुरू होतं. तरी यादीत शोधताना ‘श्टाउफेनबेर्ग’खाली शोधायचं. फाईलवर मी ‘श्टाउफेनबेर्ग, क्लाउस शेंक ग्राफ फॉन’ असं लिहीन.

हाच क्रम सगळीकडे चालतो. बिस्मार्क ‘ब’खाली, हम्बोल्ट ‘ह’खाली, उर्झुला फॉन डेर लायेन ‘ल’खाली. ग्रंथालयांच्या नियमात एक अपवाद आहे: ‘फॉम’, ‘त्सुम’, ‘त्सुअर’ अशा जोडशब्दाने सुरू होणारी साधी आडनावं त्या शब्दाखालीच लावतात. संगणकावरच्या याद्या मात्र बऱ्याचदा ‘फॉन’लाच पहिलं अक्षर धरून बसतात, त्यामुळे नाव सापडलं नाही तर दोन्हीकडे बघा.

बायकांच्या नावांकडे जरा जास्त लक्ष द्या. हा आडनावाचा भाग स्त्री-पुरुषाप्रमाणे बदलतो. ग्राफची ग्रेफिन होते, प्रिन्त्सची (राजपुत्र) प्रिन्त्सेसिन, हेर्त्सोगची (ड्यूक) हेर्त्सोगिन. १९२६ मध्ये तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयाने यावर शिक्कामोर्तब केलं. त्यामुळे सख्ख्या बहीण-भावांची आडनावं कागदोपत्री वेगळी दिसतात आणि तरी ती एकच असतात. दोन्ही नावं ‘जुळवून’ घ्यायला जाऊ नका. फ्रायहेर (म्हणजे बॅरन) घराण्यात आणखी एक पायरी आहे: फ्रायहेरची पत्नी फ्रायफ्राउ, मुलगी फ्रायइन. पूर्वी हा वारसा फक्त बापाकडून येई. आता आडनावाचा सामान्य कायदा लागतो, त्यामुळे ग्रेफिनशी लग्न करून तिचं आडनाव घेणारा नवरा कागदोपत्री ग्राफ होतो, आणि तिचं नाव लावणारा मुलगाही. मला हा बदल फार न्याय्य वाटतो.

आता ईमेल. नुसता ‘फॉन’ असेल तर काम सोपं: ‘झेर गेएर्टर हेर फॉन वायत्सझेकर’ (‘झेर गेएर्टर’ म्हणजे ‘आदरणीय’). इथे ‘फॉन’ गाळायचा नाही. ग्राफ असेल तर रूढ पद्धत अशी की ‘हेर’ (श्री.) किंवा ‘फ्राउ’ (श्रीमती) लिहायचं नाही आणि ‘फॉन’ही बहुधा सोडायचा: ‘झेर गेएर्टर ग्राफ श्टाउफेनबेर्ग’. सरकारी कचेऱ्या कधीकधी ‘हेर ग्राफ फॉन’ असं पूर्ण लिहितात. कायद्याला धरूनच आहे ते, पण कानाला जड वाटतं. फ्रायहेर हा शब्द हाक मारताना वापरत नाहीत. तिथे ‘हेर फॉन अमुक’ म्हणायचं. जुन्या वळणाच्या घरांत ‘बारोन’ म्हणतात, पण ते आपण होऊन सुरू करू नये. पाकिटावर मात्र नाव संपूर्ण, एकही शब्द न गाळता. ‘महाराज’, ‘सरकार’ छापाच्या जुन्या संबोधनांवर कोणाचा कायदेशीर हक्क नाही, आणि कामाच्या पत्रात त्यांची गरजही नाही. शंका आली तर समोरच्याची सही बघा. ते स्वतः ‘ग्राफ’ न लिहिता नुसतं ‘फॉन’ लिहीत असतील तर तुम्हीही तसंच लिहा. राजकारणातले कार्ल-थेओडोर त्सू गुटेनबेर्ग (‘त्सू’ हा ‘फॉन’सारखाच शब्द) हे फ्रायहेर घराण्यातले, पण बातम्यांत ते ‘त्सू गुटेनबेर्ग’ म्हणूनच येत.

फॉर्म भरताना खरी अडचण येते. विमानाच्या तिकिटावर ‘उपाधी’चा रकाना दिसला की हात तिकडे वळतो. तिथे फक्त डॉक्टर, प्रोफेसर. ग्राफ, प्रिन्त्स, फॉन हे सगळं आडनावाच्या रकान्यात, पासपोर्टवर आहे त्याच क्रमाने. कैसरच्या, म्हणजे जर्मन सम्राटाच्या, होहेन्त्सोलेर्न घराण्याचं आजचं आडनाव ‘प्रिन्त्स फॉन प्रॉयसेन’ आहे, तिन्ही शब्द मिळून एक. व्युर्टेम्बेर्गच्या राजघराण्याचं ‘हेर्त्सोग फॉन व्युर्टेम्बेर्ग’. यातला पहिला शब्द उपाधीत आणि उरलेले आडनावात टाकले, तर पासपोर्टशी नाव जुळत नाही.

ऑस्ट्रियाला पत्र जात असेल तर वरचं बरंचसं विसरा. तिथे ३ एप्रिल १९१९ च्या कायद्याने किताब तर काढलेच, ‘फॉन’सुद्धा काढला, आणि तो तिथल्या नागरिकांना आजही लावता येत नाही. शेवटच्या सम्राटाचे पुत्र जर्मनीत ओटो फॉन हाब्सबुर्ग म्हणून युरोपीय संसदेवर निवडून गेले. ऑस्ट्रियाच्या कागदांवर ते ओटो हाब्सबुर्ग-लोथ्रिंगेन होते. वाद्यवृंदाचे संचालक हेर्बेर्ट फॉन कारायान यांचा ‘फॉन’ तिथे केवळ कलाकाराचं नाव म्हणून चालला. जर्मनीत दत्तक गेलेल्या एका ऑस्ट्रियन बाईंना ‘फ्युर्स्टिन फॉन’ (‘फ्युर्स्टिन’ हाही एक सरदारी किताब) असं आडनाव मिळालं होतं. २०१० मध्ये युरोपीय न्यायालयाने ते न मानण्याचा ऑस्ट्रियाचा अधिकार मान्य केला.

नाव पाहून कुळाचा अंदाज बांधू नका. उत्तर जर्मनीत ‘फॉन’ लावणारी पुष्कळ साधी घरं आहेत. दत्तक जाऊनही किताबी आडनाव मिळतं. आणि ‘व्हान’ तर डच. त्याचा सरदारकीशी संबंध नाही. नावात ‘व्हान’ असलेले संगीतकार बेथोव्हेन यांना १८१८ मध्ये व्हिएन्नाच्या सरदारांसाठीच्या न्यायालयात आपली सरदारकी सिद्ध करता आली नाही, तेव्हा पुतण्याच्या ताब्याचा त्यांचा खटला सामान्य लोकांच्या न्यायालयाकडे गेला. उलट, ‘फॉन’ नाकारणारेही होते. एक्स-रे शोधणाऱ्या र्योंटगेन यांना बव्हेरियात तो देऊ केला होता. त्यांनी घेतला नाही.

मराठीत लिहिणाऱ्यांसाठी थोडंसं. वर्तमानपत्रांत ‘व्हॉन’ दिसतं, पण उच्चार ‘फॉन’ आहे, तसंच लिहा. हयात व्यक्तीच्या नावातला ‘ग्राफ’ बदलून ‘काउंट’ करू नका. आपल्या कुलकर्ण्यांचं कोणी भाषांतर केलेलं आपल्याला चालणार नाही. एकोणिसाव्या शतकातल्या माणसाबद्दल लिहिताना ‘काउंट’ किंवा ‘बॅरन’ चालेल, कारण तेव्हा तो खरोखर हुद्दा होता. दुसऱ्यांदा उल्लेख करताना नुसतं बिस्मार्क, हम्बोल्ट, श्टाउफेनबेर्ग लिहावं. फॉन डेर लायेन मात्र दर वेळी तिन्ही शब्दांनिशी.